पांढरीचा राखणदार

दिवाळी जवळ आली की माझ्यासारख्या खेड्यातल्या लेखकाकडे मागणी येते ती कथेची. यंदा मात्र संपादकांनी लिहिले, "कथा पुष्कळ झाल्या, या खेपेस काही टीकात्मक लिहा." पत्र वाचून मला हसू आले. माझी विद्या मॅट्रिकपर्यंतची. टीका हा शहरातल्या प्राध्यापकांचा प्रांत. आम्ही त्या वाटेने चपला हातात घेऊन जावे. पण मग वाटले, वीसेक वर्षे मुलांचे निबंध तपासतोच आहे. कुठे खरे बोलले आहे आणि कुठे शब्दांची भरती केली आहे, एवढे तरी मला ओळखू येते. तेव्हा टीका करायचीच तर ती अशा एका गोष्टीवर करावी, जिला कोणी लेखक नाही, जी महाराष्ट्रातल्या पुष्कळ गावांत सांगतात, आणि जिचा मी स्वतः एकदा मोठा अपराध केला आहे. ती गोष्ट पांढरीची.

शहरातल्या वाचकांसाठी थोडे सांगतो. गावाच्या जमिनीचे आमच्याकडे जुने दोन भाग: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची, पांढरी म्हणजे वस्तीची. माणसे एका जागी पिढ्यान्‌पिढ्या राहिली की मातीच्या भिंती पडतात, त्यांवर नव्या उभ्या राहतात. चुलीची राख, गोठ्यातले शेण, फुटकी मडकी हे सारे तिथेच जिरते. वस्ती उठून गेली की मागे राखेच्या रंगाचे एक टेकाड उरते. तीच जुनी पांढर. आणि पांढर म्हटली की तिच्याबरोबर गोष्ट आलीच. तिथे भर दुपारी जाऊ नये, नांगर घालू नये, तिथले खापर घरात आणू नये. कोणी आणलेच, तर घरात आजार येतो, बैल बसतो, आणि वस्तू परत नेऊन ठेवली की सारे ठीक होते.

माझ्या पहिल्या नोकरीच्या गावी अशी एक पांढर होती. ओढ्याकाठचे टेकाड, वर एक लिंब, लिंबाखाली शेंदूर फासलेले चार धोंडे. मी तेव्हा पंचविशीच्या आतला. जगातले अज्ञान घालवण्याचे काम आपल्याकडेच सोपवले आहे अशा थाटात वर्गात उभा राहत असे. एक दिवस एका मुलाने विचारले, "गुरुजी, पांढरीवर गेलं की ताप येतो, हे खरं का?" मी म्हणालो, "उद्या बघू." दुसरा दिवस नेमका अमावास्येचा. भर बाराला मी सगळा वर्ग टेकाडावर नेला, लिंबाखाली बसवला आणि सर्वांना डबे खायला लावले. कोणाला ताप आला नाही. मला फार आनंद झाला. पुढे मी या प्रसंगावर एक कथा लिहिली, ती छापूनही आली. तिच्यातला मास्तर माझ्यापेक्षा उंच होता, एवढाच काय तो फरक.

त्यानंतर दोन उन्हाळे गेले. तिसऱ्या उन्हाळ्यात पांढरीला ट्रॅक्टर लागले. पांढरीची माती शेताला खतासारखी चालते, हे कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. पण आजवर हात लावायला कोणी धजत नव्हते. आता म्हणत, "गुरुजी स्वतः पोरं घेऊन जेवून आले, काय झालं?" महिन्याभरात टेकाड निम्म्यावर आले. एका संध्याकाळी ओढ्याकाठी गावातले एक म्हातारे तात्या भेटले. त्यांनी मला बोल लावला नाही. नुसते म्हणाले, "गुरुजी, तुम्ही भूत काढलंत ते बरं केलंत. पण त्याच्यासंगं राखणदार बी गेला."

ते वाक्य मी अनेक वर्षे विसरण्याचा प्रयत्न केला. आज त्याचाच आधार घेऊन बोलतो आहे.

त्या मातीतून मी खापराचे एक तुकडे उचलून आणले होते. तांबूस रंगाचे, वर काळ्या रेघा ओढलेल्या. पुढे एका जाणकारांना ते दाखवले. त्यांनी हातात घेऊन उलटसुलट केले आणि म्हणाले, "जोर्वे." संगमनेरजवळचे जोर्वे. तिथे १९५०-५१ साली उत्खनन झाले आणि अशा भांड्यांना त्या गावाचे नाव मिळाले. म्हणजे माझ्या विद्यार्थ्यांनी ज्या टेकाडावर चटणी-भाकरी खाल्ली, तिथे तीन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी चूल पेटवली होती. त्यांची घरे मी एका डब्याच्या सुट्टीत मोडली.

आता या गोष्टीकडे टीकाकाराच्या नजरेने पाहू. पहिली गंमत अशी, की ही गोष्ट आपल्या एकट्याची नाही. युरोपच्या पश्चिम टोकाला आयर्लंड नावाचे बेट आहे. तिथे शेताशेतांतून मातीच्या बांधाची गोल कडी दिसतात. अशी चाळीस हजारांहून अधिक कडी तिथे मोजली गेली आहेत. ती बहुतेक इसवी सन ५०० ते १००० या काळातली. बांधाच्या आत एखाद्या कुटुंबाचे घर, गोठा, गुरे. सारांश, शेतकऱ्याचा वाडाच. तिथे त्यांना 'राथ' किंवा 'लिस' म्हणतात, आणि कितीतरी गावांच्या नावांत हे शब्द आजही आहेत. पण लोकांच्या बोलण्यात ती घरे पऱ्यांची. त्यांना नाव घेऊन पऱ्या म्हणायचेसुद्धा नाही, 'भली माणसे' म्हणायचे. जसे आपण रात्री सापाला साप न म्हणता लांबडे म्हणतो. त्या कड्यात नांगर घातला, तिथले काटेरी झाड तोडले, की घराचे वाईट होते. या धाकामुळे हजारो कडी शेकडो वर्षे नांगरापासून वाचली. १९९९ साली तिथल्या क्लेअर परगण्यात एका मोठ्या रस्त्याच्या आड पऱ्यांचे असे एक झाड आले. एडी लेनिहान नावाच्या कथेकऱ्याने ते वाचवण्यासाठी आवाज उठवला, आणि रस्ता झाडाला राखून गेला.

दुसरी गोष्ट मला अधिक विचार करण्यासारखी वाटते. आयर्लंडातले शेतकरी ही कडी कोणी बांधली असे विचारले, की पुष्कळदा म्हणत, "डेन लोकांनी." म्हणजे समुद्रावरून आलेल्या परक्यांनी. वास्तविक ती त्यांच्याच पणज्या-खापरपणज्यांची घरे. आपल्याकडे तरी काय आहे? लेणे दिसले की पांडवांचे. जुने देऊळ, पडका तट दिसला की गवळी राजाचा. विदर्भात नागपूरच्या आसपास, जुनापाणीला, माहुरझरीला मोठमोठ्या धोंड्यांची वर्तुळे आहेत. ती लोहयुगातल्या माणसांची दफने. माहुरझरीला तर माणसांबरोबर पुरलेले घोडे आणि त्यांचे तांब्याचे साज सापडले. रिव्हेट-कार्नाक नावाच्या साहेबाने १८७९ साली जुनापाणीचे वृत्त प्रसिद्ध केले. त्या धोंड्यांचे नातेही लोकांनी गवळ्यांशीच जोडले होते. मला वाटते, लोककथेची ही एक खोड आहे. ज्या पूर्वजांची नावे आपण विसरलो, त्यांना आपण परके करून टाकतो; पऱ्या करतो, भुते करतो किंवा देव करतो. घरातली माणसे म्हणून ओळखत नाही.

म्हणून लोककथेचे सरसकट कौतुक करणाऱ्यांशी माझे जमत नाही. पांडवांचीच गोष्ट घ्या. पांडवांनी एका रात्रीत लेणी खोदली, कोंबडा आरवला आणि काम अपुरे राहिले. गोष्ट सुरेख आहे. अर्धवट राहिलेल्या खांबाचा तिने एका कोंबड्यात निकाल लावला. पण आमच्या शेजारच्या जुन्नरच्या लेण्यांत ब्राह्मी लिपीत कोरलेले लेख आहेत. त्यांत धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी आहे, बांबूकाम करणारे आहेत, कासार आहेत, दान देणारे यवनही आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या बुरुडांकडे पुण्यकर्मासाठी पैसा ठेवला होता, त्याची नोंद दगडात आहे. आपल्या गोष्टीने तो बुरूड पुसून टाकला आणि तिथे भीम उभा केला. छिन्नी चालवणाऱ्या हातांची कित्येक वर्षे तिने एका रात्रीत बसवली. अशा गोष्टीला मी निबंधाच्या वहीत शेरा देईन: कल्पना चांगली, परंतु श्रम करणाऱ्यांवर अन्याय.

त्याच जुन्नरात लोकांची आठवण किती घट्ट असते, याचाही दाखला आहे. गावाजवळच्या एका डोंगराला मानमोडी म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटावे, मान मोडते म्हणून मानमोडी. पण तिथल्या प्राचीन लेखात 'मानमुकुड' असे नाव आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९६२ सालच्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' या ग्रंथात याकडे लक्ष वेधले. त्यांचे म्हणणे असे, की हे मूळचे देवीचे स्थान. मधे बौद्ध भिक्षू आले, शेकडो वर्षे राहिले, गेले. आणि देवी आपले जुने नाव घेऊन पुन्हा त्याच जागी आली. राजे बदलले, धर्म बदलले, लिपी तर कोणाला वाचता येईनाशी झाली. पण गुरे राखणाऱ्या पोरांच्या तोंडात नाव टिकले. तेव्हा लोकांची स्मृती कच्ची असते असेही म्हणता येत नाही. ती माणसे विसरते आणि जागा लक्षात ठेवते.

मग लोककथा तोलायची कशी? दुर्गाबाई भागवतांनी 'लोकसाहित्याची रूपरेषा' १९५६ साली लिहिली, तेव्हापासून मराठीत या विषयाला शास्त्राची बैठक आली. माझ्याजवळ शास्त्र नाही. माझी मास्तरी कसोटी साधी आहे: गोष्ट ऐकून माणसाचे हात काय करतात ते पाहावे.

या कसोटीवर पांढरीच्या तीन गोष्टी लावून पाहतो. पहिली धाकाची: जाऊ नये, खणू नये. ती ऐकून हात थांबतात. आहुप्याकडच्या देवरायांचे झाडही याच धाकाने उभे राहिले. दुसरी गोष्ट भांड्यांची. आदल्या दिवशी तळ्याला किंवा टेकाडाला हात जोडून सांगावे, "लग्न आहे, भांडी दे". सकाळी काठावर भांडी तयार. काम झाले की परत करायची. एका लोभ्याने एक ठेवून घेतले आणि तेव्हापासून भांडी येणे बंद झाले. ही गोष्ट अनेक गावांतल्या तळ्यांविषयी सांगतात. मला ती सर्वांत आवडते, कारण पावसाळ्यानंतर पांढरीतून खरोखरीच भांडी वर येतात. कोण्या एके काळी धुपलेल्या टेकाडातून एखादी अख्खी सुरई कोणा बाईने पाहिली असेल, त्यातून ही गोष्ट उगवली असेल, असा माझा तर्क आहे. ती ऐकून हात घेतात, पण परतही करतात.

तिसरी गोष्ट धनाची. पांढरीत सात रांजण मोहरा आहेत, वर नाग बसला आहे. ही गोष्ट मला नावडती आहे. तीही पहिलीसारखीच भीती घालते, पण त्या भीतीच्या पोटात लोभ आहे. ती ऐकून माणसे रात्री कुदळ घेऊन निघतात. क्वचित ती खरीही ठरते, हाच तिचा धोका. प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ साली झाडाच्या मुळाशी खणताना एका गावकऱ्याला पितळेसारख्या धातूची चार चित्रे सापडली: रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. ती कांस्याची, आणि अमोल. पण असे एकदा घडते आणि हजार पांढरी विनाकारण उकरल्या जातात. एकाच टेकाडाला एक गोष्ट राखते आणि दुसरी लुटते. 'लोककथा म्हणजे अज्ञान' म्हणणाऱ्याला आणि 'लोककथा म्हणजे शहाणपण' म्हणणाऱ्याला, दोघांनाही हा फरक दिसत नाही.

पांढरीच्या पोटात खरोखर काय असते, हे पाहायचे तर घोड नदीच्या काठाने खाली जावे. ही नदी आमच्याच तालुक्यातल्या सह्याद्रीत उगम पावते आणि शिरूर तालुक्यात इनामगावाजवळून जाते. तिथल्या पांढरीत पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षे खोदाई केली. सुमारे इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातले शेतकऱ्यांचे गाव उजेडात आले. शंभराहून अधिक घरे, धान्याच्या कणग्यांच्या जागा, पाण्याचा कालवा. मातीची एक पेटी, शिर नसलेली देवी आणि तिच्याबरोबर बैल. लहान मूल गेले तर त्याला दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवीत आणि घराच्या जमिनीखालीच पुरीत. लेकरू घरातच राहावे म्हणून, दुसरे काय! आणि मोठ्या माणसांचे पाय घोट्याखाली तोडून पुरीत. मेलेला माणूस उठून फिरू नये, या भीतीने तसे करीत असावेत, असे अभ्यासक मानतात.

हे प्रथम वाचले त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही. ज्या भुताच्या भीतीची मी वर्गात टिंगल केली, तीच भीती त्या टेकाडात तीन हजार वर्षे पुरलेली होती. वरच्या माणसांची आणि खालच्या माणसांची ओळख तुटली होती, पण भय एकच होते.

आता आम्हा लेखकांचा हिशेब. मराठी कथेत अशा जागा येतात त्या बहुधा तीन साच्यांतून. एक भयकथेचा साचा: वारा सुटतो, कुत्रे रडते, पांढऱ्या साडीतली बाई येते. दुसरा सुधारकी साचा: शिकलेला तरुण येतो आणि अज्ञान पळते, माझी कथा याच जातीची होती. तिसरा हळवा साचा: गेले ते दिवस, राहिल्या त्या आठवणी. तिन्ही साच्यांत टेकाड हा नाटकाचा पडदा असतो. तिथे कोणी राहत होते, हे लेखकाला आठवतच नाही.

याहून वेगळे लिहिणारे आहेत. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ साली पुस्तकरूपाने आली. तिचा नायक माझ्यासारखाच एक कोवळा मास्तर. शेवटी दुष्काळ पडतो, मेंढरे मरतात आणि वाडी उठून जाते. लोक तिला धनगरांची कादंबरी म्हणतात, ते बरोबरच आहे. पण मला ती पांढर कशी तयार होते हे सांगणारी कादंबरीही वाटते. तिच्यात भूत नाही. पण वाडीतली माणसे आपण ओळखतो, म्हणून ओस पडलेली घरे मनाला लागतात. भालचंद्र नेमाड्यांच्या 'हिंदू'चा खंडेराव तर पुरातत्त्वाचाच अभ्यासक. २०१० सालच्या त्या कादंबरीत मोहेंजोदडोची माती आणि खानदेशातले घर एकाच मनात नांदते. मोठे लेखक काय करतात? खालच्या माणसांना ते पुन्हा घरातली माणसे करतात. लोककथेची जी खोड मी वर सांगितली, तिच्यावर साहित्याने करायचा उपाय हाच.

तात्यांच्या वाक्याचे उत्तर मला इथे सापडले. भूत काढले यात माझी चूक नव्हती. ताप येतो ही समजूत खोटीच होती आणि आजही मी मुलांना तेच सांगेन. चूक ही झाली, की राखणदार काढला आणि त्याच्या जागी कोणाला बसवले नाही. मी मुलांना सांगायला हवे होते, "इथे ताप येत नाही. इथे तुमच्यासारखी पोरे राहत होती. त्यांची भांडी आहेत, जपून चाला." मला तेव्हा हे ठाऊक नव्हते. ठाऊक करून घेण्याची गरजही वाटली नाही, हा खरा गुन्हा.

आयर्लंडने हे काम मास्तरांकडूनच करवून घेतले. १९३७ ते १९३९ या काळात तिथल्या लोककथा आयोगाने सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांत मुलांना एक काम दिले: घरातल्या वडील माणसांकडून गोष्टी ऐका आणि वहीत उतरवून आणा. सुमारे पन्नास हजार मुलांनी ते केले. गोल कड्यांच्या, भल्या माणसांच्या, पुरलेल्या धनाच्या, सगळ्या गोष्टी गावाच्या नावासकट टिपल्या गेल्या. आपल्याकडे सरोजिनीबाई बाबरांनी आणि लोकसाहित्य समितीने ओव्या, गीते, कथा जमवण्याचे मोठे काम केले. पण शाळेच्या बाकावरून ते झाले नाही.

आता मी महाळुंगे पडवळला राहतो. हे हुतात्मा बाबू गेनूंचे गाव. परदेशी कापडाची मोटार अडवताना १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत त्यांनी प्राण दिला, हे इथले लहान मूलही सांगते. गेल्या वर्षी मी मुलांना आयर्लंडसारखे काम दिले. तीन प्रश्न लिहायला सांगितले: गोष्ट कोणी सांगितली, कोणत्या जागेची, आणि तिच्यामुळे लोक काय करतात किंवा काय करत नाहीत.

वह्या आल्या. पांडव आले, नाग आला, भांडी देणारे तळे आले. एका मुलीची वही मात्र मी दोनदा वाचली. तिची आजी मूळची आंबेगावची. ज्या गावावरून आमच्या तालुक्याचे नाव पडले, ते गाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेले. त्या जलाशयाला आज बाबू गेनूंचेच नाव आहे. मुलीने लिहिले होते: "उन्हाळ्यात पाणी उतरले की आजी जुने गाव बघायला जाते. घराच्या जागेवर दगड आहेत. आजी तिथे बसत नाही. पाया पडते आणि येते. मी विचारले, तिथे भूत आहे का? आजी म्हणाली, नाही गं, आपलं घर आहे."

मी त्या निबंधाला गुण दिले नाहीत. वही परत करताना एवढेच म्हणालो, "बाळ, आजीला विचार, घराचे दार कोणत्या बाजूला होते, चूल कुठे होती. सगळे लिहून ठेव." कारण आणखी शंभर वर्षांनी त्या दगडांवरही गोष्ट तयार होईल. कोणी म्हणेल पांडवांचे, कोणी म्हणेल गवळी राजाचे. त्या वेळी ही वही कुठेतरी असावी.

ओसाड गावाला आपल्या जुन्या दप्तरात 'बेचिराख' म्हणत. चिराग म्हणजे दिवा. जिथे दिवा लागत नाही ते बेचिराख. दिवाळीत आपण तुळशीपाशी, गोठ्यात, अगदी उकिरड्यावरही पणती ठेवतो. ओढ्यापलीकडच्या पांढरीला आपण विसरतो. वाचकहो, यंदा फराळ आटोपला की घरातल्या वडील माणसांना आपल्या गावच्या पांढरीची गोष्ट विचारा आणि मुलांना लिहून घ्यायला सांगा. माझ्या त्या पहिल्या गावच्या टेकाडाचा निम्मा भाग अजून उभा आहे, लिंबही आहे. तात्या आता नाहीत. या दिवाळीत मी तिथे जाणार आहे. ते खापर परत ठेवून येईन म्हणतो.